श्रेयांक जमा आहेत. पण नव्या विद्यापीठात ते वटतील का?

एप्रिल-मे महिन्यांत बदल्यांचे आदेश निघतात आणि बँक, रेल्वे, संरक्षण दले किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : धाकट्याची शाळा बदलता येईल, पण थोरलीच्या कॉलेजचे काय? पदवीचे पहिले वर्ष नुकतेच पूर्ण केलेल्या मुलीला आतापर्यंत दोनच मार्ग उपलब्ध होते. एक तर तिला वसतिगृहात वा नातेवाइकांकडे ठेवून कुटुंबाने पुढे जायचे, नाही तर नव्या गावी पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा करायचा. पहिल्या मार्गात पैसा जातो, दुसऱ्या मार्गात आयुष्यातील एक उमेदीचे वर्ष जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि त्यानंतर तिसरा मार्ग खुला झाल्याचे सांगितले जाऊ लागले. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, सोबत घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जायचे आणि जिथे थांबलो तिथूनच पुढे शिकायचे. कल्पना उत्तम आहे, तिला कायदेशीर आधारही आहे. परंतु प्रत्यक्षात स्थलांतर करू पाहणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक एका गैरसमजापायी अडचणीत येतात. श्रेयांक खात्यात जमा असणे ही एक गोष्ट आणि नव्या विद्यापीठाने ते मान्य करणे ही दुसरी. धनादेश हातात आहे म्हणजे तो वटलाच, असे होत नाही. श्रेयांकांचेही तसेच आहे. हा फरक वेळेवर लक्षात आला तर वर्ष वाचते.

श्रेयांक नेमके काय मोजतो?

श्रेयांक हे मुळात वेळेचे माप आहे. त्याच्या उगमाची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेत १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरचा निधी दिला. या निधीचा लाभ कोणत्या महाविद्यालयांना द्यायचा, हे ठरवण्यासाठी काही समान निकष हवे होते. त्यातून माध्यमिक शाळेतील विषयाचे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक 'युनिट', असे माप रूढ झाले. पुढे महाविद्यालयांनीही तासांवर आधारित श्रेयांक स्वीकारले. निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेने बळ दिलेले हे माप आज जगभरच्या उच्च शिक्षणाचे चलन बनले आहे.

आपल्याकडेही ही कल्पना अगदी नवी नाही. १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ दीर्घ काळापासून एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, असे गणित वापरत आले आहे. पारंपरिक विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात सत्रभरातील १५ तासांच्या व्याख्यानांना एक श्रेयांक आणि ३० तासांच्या प्रात्यक्षिकाला एक श्रेयांक, असे प्रमाण आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ आणि १३ मार्च २०२४ च्या शासन निर्णयांनी ही रचना आली. त्यानुसार वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक मिळवायचे असतात. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ती लागू झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. श्रेयांक किती तास शिकलात ते सांगतो; काय शिकलात ते सांगत नाही. मुंबईतील चार श्रेयांकांचे अर्थशास्त्र आणि बंगळुरूतील चार श्रेयांकांचे अर्थशास्त्र यांचे वजन तराजूत सारखे भरेल. पण एकात सूक्ष्म अर्थशास्त्राची मूलतत्त्वे असतील आणि दुसऱ्यात भारतीय अर्थव्यवस्थेचा इतिहास असेल. स्थलांतरातल्या सगळ्या अडचणींचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

बँक काय करते, काय करत नाही

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे विनियम अधिसूचित केले. ही श्रेयांकांची बँक पैशांच्या बँकेसारखीच चालते, मात्र एक फरक आहे. खातेदार विद्यार्थी असला, तरी भरणा त्याला करता येत नाही. तो फक्त त्याचे महाविद्यालय वा विद्यापीठच करू शकते. विद्यार्थ्याने 'डिजिलॉकर'च्या माध्यमातून खाते उघडायचे, त्याला मिळणारा बारा अंकी 'अपार' क्रमांक महाविद्यालयाला द्यायचा आणि निकालानंतर विद्यापीठाने त्या खात्यात श्रेयांक चढवायचे, अशी ही पद्धत आहे.

या बँकेचे तीन नियम प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावेत. पहिला : जमा श्रेयांकांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे आहे. दुसरा : एकदा पदवी वा पदविकेसाठी वापरलेले श्रेयांक खात्यातून वजा होतात, तेच श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी परिचित आहे. २०२१ च्या विनियमांनुसार, ज्या संस्थेची पदवी हवी तिथे किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात.

या तिसऱ्या नियमाचा अर्थ नीट समजून घ्यावा. १२० श्रेयांकांच्या पदवीत बाहेरचे जास्तीत जास्त ६० चालतात. दोन वर्षे पूर्ण करून ८० श्रेयांक घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याचे या हिशेबाने किमान २० श्रेयांक कामी येत नाहीत. म्हणजेच पहिल्या वर्षानंतरचे स्थलांतर तुलनेने सुकर, दुसऱ्या वर्षानंतरचे महागडे. दोन वर्षे झाली असतील आणि एकच वर्ष उरले असेल, तर वसतिगृहाचा जुना मार्गच अनेकदा शहाणपणाचा ठरतो.

आणि जी गोष्ट ही बँक मुळीच करत नाही ती अशी : ती कोणत्याही विद्यापीठावर प्रवेश देण्याची सक्ती करत नाही. दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षात जागा रिकामी आहे की नाही, प्रवेशाची पात्रता कोणती, कोणते श्रेयांक कोणत्या विषयासाठी धरायचे, हे सारे निर्णय नवे विद्यापीठच घेते. बँक फक्त खात्री देते की हे श्रेयांक खरे आहेत. ते किती उपयोगाचे आहेत, हे ती सांगत नाही.

समकक्षता : खरी परीक्षा

हा निर्णय ज्या प्रक्रियेतून होतो तिला समकक्षता ठरवणे म्हणतात. नव्या विद्यापीठातील संबंधित विषयाचे अभ्यासमंडळ, विभागप्रमुख किंवा त्यासाठी नेमलेली समिती जुन्या अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवते आणि घटकवार तुलना करते. दोन्हींत बराचसा भाग समान असेल, तर तो विषय पूर्ण झाल्याचे मानले जाते. नसेल, तर तो विषय पुन्हा करावा लागतो, किंवा त्याचे श्रेयांक मुक्त वैकल्पिक विषयांच्या खात्यात टाकले जातात.

नव्या रचनेत हे 'खाते' फार महत्त्वाचे झाले आहे. पूर्वी बी.ए. वा बी.कॉम.ला ठरावीक विषय असत. आता मुख्य विषय, गौण विषय, मुक्त वैकल्पिक, व्यावसायिक कौशल्य, भाषिक क्षमतावर्धन, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, सहअभ्यासक्रम अशा अनेक टोपल्या आहेत आणि प्रत्येक टोपली वेगळी भरावी लागते. एका टोपलीत जास्त झालेले श्रेयांक दुसऱ्या टोपलीतील तूट भरून काढत नाहीत. तुमचे श्रेयांक मान्य झाले, असे नवे विद्यापीठ सांगते तेव्हा पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यांनी विचारायचा पुढचा प्रश्न असा असतो : कोणत्या टोपलीत मान्य झाले?

चार श्रेयांक, एक वर्ष

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. समजा, महाराष्ट्रातील एका विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी ४४ श्रेयांक मिळवले. त्यांपैकी मुख्य विषयाचे १२, गौण विषयाचे ४, मुक्त वैकल्पिकचे ८, कौशल्य विषयांचे ६, भाषेचे ४, मूल्यशिक्षणाचे ४, भारतीय ज्ञान प्रणालीचे २ आणि सहअभ्यासक्रमाचे ४. ती परराज्यातील अशा विद्यापीठात जाते, जिथे पहिल्या वर्षासाठी ४० श्रेयांक पुरेसे आहेत. वरकरणी तिच्याकडे चार श्रेयांक अधिकच आहेत.

आता समकक्षतेची तुलना होते. मुख्य विषयाच्या १२ पैकी ८ श्रेयांकांचा अभ्यासक्रम जुळतो. उरलेल्या चारांचा जुळत नाही. ते मुक्त वैकल्पिकमध्ये टाकावेत, तर ती टोपली आधीच भरलेली आहे. कौशल्य विषयांतील दोन श्रेयांकांना तिथे समकक्ष विषयच नाही. सहअभ्यासक्रमाचे चारऐवजी दोनच धरले जातात. शेवटी ४४ पैकी ३६ कामी येतात आणि ४ श्रेयांकांची तूट राहते.

चार श्रेयांक म्हणजे एक विषय. एका उन्हाळ्यात तो आटोपेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तूट आहे ती मुख्य विषयात. हा चार श्रेयांकांचा विषय उत्तीर्ण झाल्याशिवाय तिसऱ्या सत्रातील पुढचा विषय घेता येत नाही, असा नियम असेल आणि तो विषय फक्त पहिल्या सत्रातच, म्हणजे पावसाळ्यात शिकवला जात असेल, तर पुढच्या विषयासाठी तिला वर्षभर थांबावे लागते. प्रश्न चार श्रेयांकांचा होता. किंमत एका वर्षाची मोजावी लागली. म्हणूनच किती श्रेयांक गेले यापेक्षा कोणते गेले, हे पाहणे अधिक गरजेचे असते.

कागदपत्रांचा क्रम चुकवू नका

या सर्व प्रक्रियेत विद्यार्थ्यांचे सर्वाधिक नुकसान कागदपत्रांच्या अभावाने नव्हे, तर त्यांच्या उलट क्रमाने होते. बदलीचा आदेश येताच घाईघाईने जुन्या महाविद्यालयातून दाखला, म्हणजे टी.सी., काढला जातो, विद्यापीठातून स्थलांतर प्रमाणपत्र घेतले जाते आणि मग नव्या गावी चौकशी सुरू होते. बहुतेक विद्यापीठांत स्थलांतर प्रमाणपत्र घेतले की जुनी नोंदणी संपुष्टात येते. नव्या ठिकाणी नकार मिळाला, तर विद्यार्थी धड इथला ना तिथला, अशा अवस्थेत सापडतो.

योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. सर्वप्रथम नव्या महाविद्यालयात त्या वर्षासाठी जागा रिकामी आहे का आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा नियम काय आहे, याची चौकशी करावी. त्यानंतर सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि प्रत्येक विषयाचा घटकवार अभ्यासक्रम सादर करून समकक्षतेसाठी लेखी अर्ज करावा. अभ्यासक्रमाच्या प्रतीवर जुन्या महाविद्यालयाचा सही-शिक्का असावा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील प्रत अनेकदा पुरत नाही. शिवाय अभ्यासक्रम बदलत असल्याने, आपण ज्या वर्षी शिकलो त्याच वर्षाची प्रत घ्यावी लागते.

नव्या विद्यापीठाकडून कोणते विषय मान्य, कोणते अमान्य, कोणते श्रेयांक कोणत्या टोपलीत आणि कोणते विषय नव्याने करायचे, याचा तक्ता लेखी मिळवावा. 'या, बघून घेऊ' हे तोंडी आश्वासन कितीही आपुलकीने दिलेले असले, तरी परीक्षा विभागाच्या टेबलावर त्याला किंमत नसते. असा तक्ता आणि तात्पुरता प्रवेश हातात आल्यावरच ना-हरकत पत्र, दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र या पायऱ्या चढाव्यात. नंतर नव्या विद्यापीठाची पात्रता तपासणी आणि नवा नोंदणी क्रमांक येतो.

'डिजिलॉकर'मधील खाते मात्र बदलीची वाट न पाहता आजच उघडून पाहावे. तेथील नाव आधार कार्डावरील नावाशी आणि बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, नोंदणी क्रमांक बरोबर आहे का आणि प्रत्येक सत्राचे श्रेयांक खरोखर जमा झाले आहेत का, हे तपासावे. वडिलांचे नाव मधे असणे-नसणे किंवा आडनाव आधी-नंतर असणे, एवढ्या कारणानेही नोंद अडकते. दुरुस्ती विद्यार्थ्याच्या हातात नसते. महाविद्यालयाच्या कार्यालयामार्फत परीक्षा विभागाकडे जावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

राहिलेले विषय आणि गुणांचे रूपांतर

एटीकेटीच्या भरवशावर पुढच्या वर्गात गेलेल्या विद्यार्थ्यांनी विशेष काळजी घ्यावी. श्रेयांक उत्तीर्ण झाल्यावरच मिळतात. अनुत्तीर्ण विषयाचे खाते शून्य असते. जुन्या विद्यापीठात राहिलेल्या विषयाची परीक्षा नवे विद्यापीठ घेत नाही. त्यामुळे आधी सर्व विषय सोडवावेत आणि मगच स्थलांतराचा विचार करावा.

गुणांचा प्रश्नही दुर्लक्षित राहतो. दहा गुणांकांची श्रेणीपद्धती सर्वत्र दिसत असली, तरी तिचे टक्केवारीत रूपांतर करण्याचे सूत्र विद्यापीठागणिक वेगळे असते. काही ठिकाणी बाहेरचे श्रेयांक धरले जातात, पण त्यांतील गुण एकूण सरासरीत मिळवले जात नाहीत. पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला याचा फटका पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी बसू शकतो. म्हणून जुन्या विद्यापीठाकडून रूपांतराच्या सूत्राचे पत्र घेऊन ठेवावे आणि नव्या ठिकाणी सरासरी कशी काढणार, हेही विचारावे.

वैद्यकीय, विधी, वास्तुशास्त्र यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या त्यांच्या नियामक परिषदांचे स्वतंत्र नियम असतात. तेथे वरील विवेचन जसेच्या तसे लागू पडणार नाही.

जुन्या व्यवस्थांचा अनुभव

श्रेयांक पद्धत शंभर वर्षे मुरलेल्या अमेरिकेत तरी हे सुरळीत चालते का? अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या 'गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस' या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ साली दिलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक गमावले. ज्या महाविद्यालयांत आपसांत आधीच करार झालेले असतात, तिथे हे नुकसान टळण्याची शक्यता अधिक असते. भारतातून पदवी अर्धवट ठेवून अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनीही ही आकडेवारी लक्षात ठेवावी.

युरोपने वेगळी वाट धरली. १९८९ मध्ये 'इरॅस्मस' या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून तेथील श्रेयांक पद्धत सुरू झाली. वर्षाला ६० श्रेयांक, असे तिचे माप आहे. एखाद्या सत्रासाठी परदेशी विद्यापीठात जाणारा विद्यार्थी, त्याचे मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघेही त्याच्या प्रस्थानापूर्वीच एका अभ्यासकरारावर सही करतात. तिथे कोणते विषय शिकायचे आणि परतल्यावर ते कशाच्या बदली धरायचे, हे त्यात लिहिलेले असते. आपल्याकडे लग्नाआधी याद्या होतात, त्यातलाच हा प्रकार. नंतरचे मानापमान टाळायचे, तर देणेघेणे आधी कागदावर आलेले बरे. ही व्यवस्था तात्पुरत्या देवाणघेवाणीसाठी असली, तरी कायमच्या स्थलांतरालाही तिचा धडा लागू पडतो.

अर्धवट राहिलेल्या पदवीसाठी

श्रेयांकांच्या या व्यवस्थेचा खरा लाभ बदलीच्या नोकरीवाल्यांपेक्षा आणखी एका वर्गाला होऊ शकतो. लग्न, बाळंतपण, घरातील आजारपण वा आर्थिक ओढग्रस्तीमुळे ज्यांचे शिक्षण मधेच थांबते, अशांची संख्या आपल्या समाजात लहान नाही आणि त्यांत मुलींचा भरणा मोठा आहे. पूर्वी पहिले वर्ष उत्तीर्ण होऊन शिक्षण थांबले की हातात गुणपत्रिकेखेरीज काही उरत नसे. आता पहिल्या वर्षाचे श्रेयांक आणि त्याशिवाय चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम वा प्रशिक्षण पूर्ण केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते.

मात्र बँकेची ही सोय २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मिळवलेल्या श्रेयांकांसाठी आहे. त्याआधी शिक्षण सुटलेल्यांनी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांच्याकडे चौकशी करणे इष्ट ठरेल. नियमित महाविद्यालयात जे विषय कमी पडतात, त्यांतील काही 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरून पूर्ण करण्याचाही पर्याय आहे. २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय तेथून घेण्याची मुभा विद्यापीठांना दिली आहे. अर्थात, कोणता विषय चालेल हे पुन्हा विद्यापीठालाच विचारावे लागते.

श्रेयांकांच्या बँकेने विद्यार्थ्याच्या श्रमाची नोंद सुरक्षित केली, हे तिचे मोठे काम आहे. गुणपत्रिका हरवली, फाटली, पुरात भिजली, तरी आता श्रम वाया जात नाहीत. पण त्या श्रमाची किंमत दुसऱ्या दारात काय होईल, हे अजूनही त्या दाराआडची माणसे ठरवतात. विद्यापीठांनी आपसांत समकक्षतेचे तक्ते आधीच तयार करून प्रसिद्ध केले, तर प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या प्रती घेऊन खेटे घालावे लागणार नाहीत. तोवर ही जबाबदारी विद्यार्थ्याची आणि त्याच्या पालकांची आहे. बदलीचा आदेश आला, तर सामानाची बांधाबांध करण्याआधी नव्या विद्यापीठाला एक अर्ज लिहावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे. त्या एका कागदावर पोरीचे वर्ष वाचणे अवलंबून असू शकते.